चांदी खरी, नाणे खोटे

जुना रुपया हाती लागला की तो सराफाला दाखवायचा, ही आपल्याकडची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. सराफ तो तळहातावर जोखतो, फरशीवर टाकून आवाज ऐकतो, शंका आलीच तर कसोटीच्या दगडावर कड घासून वर ॲसिडचा थेंब सोडतो आणि म्हणतो, ‘चांदी चांगली आहे.’ एवढे ऐकले की माणूस निश्चिंत होतो आणि नाणे अस्सल आहे असे धरून चालतो. खरे तर सराफाने तसे म्हटलेलेच नसते. त्याचे उत्तर बहुधा बरोबर असते, पण ते दुसऱ्याच प्रश्नाचे असते. या रुपयाचे मोल किती, हे ठरवण्यासाठी सराफाची परीक्षा घडली. तो कोणी, कोठे आणि केव्हा पाडला हे ठरवणे तिचे काम कधीच नव्हते. दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकच येत असत तो काळ केव्हाच सरला, आणि आज बाजारात फिरणाऱ्या बनावट जुन्या नाण्यांचा मोठा हिस्सा या गैरसमजावरच जगतो आहे. चांदी हीणकस निघाली तर नाण्याविषयी संशय घ्यायला जागा होते हे खरे. चांदी चोख निघाली तर मात्र नाण्याच्या खरेपणाविषयी जवळजवळ काहीच सिद्ध होत नाही, असे माझे म्हणणे आहे.

सराफाच्या परीक्षेला कमी लेखण्याचा यात हेतू नाही. अठराव्या शतकातल्या दख्खनमध्ये तिच्यावाचून एक दिवसही व्यवहार चालला नसता. पुण्याच्या बाजारात अंकुशी रुपया चाले, नाशिककडून चांदवडी येई, गुजरातेतून सुरती. शिवाय औरंगाबाद, हैदराबाद, नागपूर, कोल्हापूर या प्रत्येक दिशेचा रुपया निराळा. वजने सगळ्यांची साधारण अकरा ग्रॅमच्या आसपास, पण कोणात हीण किती हे टांकसाळीनुसार आणि कधी कधी टांकसाळीच्या मक्तेदारानुसार बदले. म्हणून सरकारी हिशेबात नुसते ‘शंभर रुपये’ लिहून भागत नसे. कोणते रुपये हे लिहावे लागे आणि एका जातीचे दुसरीत बदलताना बट्टा द्यावा लागे. गावात हे काम पोतदाराकडे असे. तो बहुधा जातीने सोनार, आणि साऱ्याच्या भरण्यात आलेले प्रत्येक नाणे पारखण्याची जबाबदारी त्याची. मोगलांच्या टांकसाळीतही पारख करणारा अधिकारी नेमलेला असे. अबुल फज़लने ‘आईन-ए-अकबरी’त त्याला सैरफी म्हटले आहे, आणि टांकसाळीचे यश त्याच्या अनुभवावर अवलंबून असते हे नमूद केले आहे. अकबराचा गोल रुपया साडेअकरा माशांचा असावा अशी नोंदही तेथेच आहे. वजन, कस आणि नाद ही तिन्ही साधने रुपयातली चांदी मोजण्यासाठीच होती, आणि त्या कामी ती उत्तम होती.

रुपयावरचा मजकूर मात्र सराफाच्या लेखी दुय्यम असे, आणि त्याला तसे सबळ कारण होते. तो मजकूर खरे बोलतच नसे. पेशव्यांच्या पुण्यात पडलेल्या अंकुशी रुपयावर पेशव्यांचे नाव नाही, साताऱ्याच्या छत्रपतींचेही नाही. त्यावर बिघडत गेलेल्या फारसी अक्षरांत दिल्लीच्या बादशहाचे नाव आहे आणि टांकसाळीची ओळख म्हणून बाजूला एक अंकुश. होळकरांच्या चांदवडच्या रुपयावर गावाचे नाव ‘जाफराबाद उर्फ चांदोर’ असे येते आणि बादशहा शाह आलम. अहिल्याबाईंच्या महेश्वरच्या रुपयावर शिवलिंग आणि बेलाचे पान आहे, पण फारसी मजकूर मोगलाचाच. इंग्रजांनीही तेच केले. कंपनीने मुंबईत आधी इंग्लंडच्या राजाच्या नावाने रुपये पाडून पाहिले. ते मुंबई बेटाबाहेर कोणी घेईना. अखेर १७१७ मध्ये फर्रुखसियर बादशहाची परवानगी मिळाल्यावर मुंबईच्या टांकसाळीतून बादशाही धाटणीचे रुपये निघू लागले, तेव्हा कोठे ते चालले. पुढे तर तारखाही गोठल्या. बंगालमध्ये रुपया एक-दोन वर्षे जुना झाला की सराफ त्यावर बट्टा कापत. हा त्रास मोडण्यासाठी कंपनीने अठराव्या शतकाच्या शेवटी शाह आलमचे एकोणिसावे राज्यवर्ष कायमचे धरून ठेवले आणि कलकत्त्याला पाडलेल्या रुपयांवरही मुर्शिदाबाद हेच नाव चालू ठेवले. सुरती रुपयाची गंमत याहून न्यारी. त्यावर हिजरी १२१५ आणि राज्यवर्ष ४६ असे आकडे येतात. हे दोन आकडे एकमेकांशी जुळतच नाहीत. शाह आलमचे शेहेचाळिसावे वर्ष येते हिजरी १२१८ च्या सुमारास. बादशहा वारला १८०६ मध्ये, आणि त्याच्या नावाचे, त्याच आकड्यांचे रुपये मुंबईच्या टांकसाळीतून १८३५ पर्यंत बाहेर पडत होते. ही सर्व नाणी शंभर नंबरी अस्सल आहेत, आणि त्यांवरचे राजाचे नाव, गाव आणि साल यांपैकी काही ना काही खोटे आहे.

येथे एक आक्षेप अगदी रास्तपणे उभा राहतो. दुसऱ्याच्या नावाने, दुसऱ्याच्या छापाची नक्कल करून नाणे पाडणे हाच जर खोटेपणा, तर पेशवे, होळकर आणि कंपनी हे सगळे नकली नाणी पाडणारेच ठरतात, मग अस्सल म्हणायचे कशाला? या आक्षेपाला चांदीच्या कसाने उत्तर देता येत नाही. उत्तर अधिकारात आहे. ज्या सत्तेच्या मुलखात नाणे पडले तिच्या सनदेने ते पडले का, आणि सरकारच्या भरण्यात ते स्वीकारले गेले का, या दोन गोष्टी नाण्याला अस्सल करतात. वरचे नाव हा लोकांच्या सवयीशी केलेला समझोता होता. आपल्याकडच्या राज्यकर्त्यांनी हा भेद स्पष्टपणे पाळलेला दिसतो. चिंचवडसारख्या ठिकाणी सनद देऊन टांकसाळी चालवल्या जात होत्या. उलट १७६० च्या सुमारास कर्नाटक प्रांतातल्या खासगी टांकसाळी हीणकस नाणी पाडू लागल्या, तेव्हा पेशव्यांनी त्या बंद करून धारवाडला एक मध्यवर्ती टांकसाळ चालवण्याचे ठरवले. न्यायमूर्ती रानड्यांनी मराठ्यांच्या चलनाविषयी लिहिताना या टांकसाळींच्या कारभाराकडे लक्ष वेधले, ते यासाठीच महत्त्वाचे. नाण्याच्या खरेपणामागे सनद, मक्ता, दंड आणि देखरेख यांची साखळी असते, आणि ती कागदांत सापडते, कसोटीच्या दगडावर नाही.

हा भेद काही मराठेशाहीत जन्मला नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात चांदीच्या पणाचा सरकारी मिलाफ दिला आहे. त्यात चौथा हिस्सा तांबे आणि शिवाय लोखंड, कथील, शिसे यांसारख्या एखाद्या धातूचा मासाभर अंश घालायचा आहे. सोळा भागांत चांदी अकराच. म्हणजे त्या व्यवस्थेत निर्भेळ चांदीचा पण हाच संशयास्पद ठरला असता! नाशिकजवळच्या जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेला साठा तर याचे जगप्रसिद्ध उदाहरण आहे. क्षहरात राजा नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी त्यात निघाली, आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला शिक्का पुन्हा उठवला होता. चांदी तीच, वजन तेच; एका ठोक्याने नाणे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेले. नहपानाचा पराभव या साठ्याने जितका ठामपणे सांगितला तितका लेण्यांतल्या शिलालेखांनीही क्वचितच सांगितला असेल. हे सगळे त्या दुसऱ्या ठोक्यातून कळले. नुसती चांदी तपासून त्यातले अक्षरही कळले नसते.

एकोणिसाव्या शतकात हा सगळा गुंता सुटला असे वाटण्याजोगी परिस्थिती आली. १८३५ च्या कायद्याने कंपनीच्या साऱ्या मुलखासाठी एकच रुपया ठरला. वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, त्यात बारापैकी अकरा भाग चांदी. यंत्रावर पाडलेला, काठावर बारीक उभ्या रेघा असलेला हा कलदार रुपया नाव आणि धातू या दोन्ही बाबतीत खरे बोलत होता. आधी चौथा विल्यम, मग व्हिक्टोरिया. राणीछाप रुपयाने हळूहळू अंकुशी, चांदवडी यांना बाजारातून हुसकावले. शिवाय कोणीही चांदी टांकसाळीत न्यावी आणि थोडा आकार देऊन रुपये पाडून आणावेत, अशी मोकळीक असल्यामुळे रुपयातली चांदी आणि रुपयाची किंमत यांत फारसे अंतर पडत नसे. अशा काळात चांदी चोख असलेला बनावट रुपया पाडून कोणालाच काही मिळाले नसते. म्हणून बनावट म्हणजे हीणकस, हे समीकरण लोकांच्या मनात पक्के बसले. तांब्यावर चांदीचा पत्रा चढवलेले, शिसे-कथलाचे, जर्मन सिल्व्हरचे असे रुपये सराफ एका ठोक्यात ओळखत, आणि आजच्या सराफी शहाणपणाचा पाया या पन्नास-साठ वर्षांत घातला गेला.

तो पाया १८९३ मध्ये निखळला, आणि याची जाणीव आजही फार थोड्यांना असते. जगभर चांदीचा भाव १८७० नंतर घसरत गेला होता. लॉर्ड हर्शेल यांच्या समितीच्या शिफारशीनंतर जून १८९३ मध्ये सरकारने खासगी चांदीसाठी टांकसाळींचे दरवाजे बंद केले आणि रुपयाची किंमत पुढे १६ पेन्सांवर स्थिरावली. चांदी मात्र पडतच राहिली. १९०० च्या सुमाराला लंडनमधला भाव औंसाला २७-२८ पेन्स होता. त्या हिशेबाने रुपयातली चांदी दहा-साडेदहा पेन्सांची भरते. दुसऱ्या शब्दांत, सोळा आण्यांच्या रुपयात दहा-साडेदहा आण्यांची चांदी. आता बनावट रुपये पाडणाऱ्याला हीण मिसळण्याची गरजच उरली नाही. पूर्ण वजनाचा, पूर्ण कसाचा, सरकारी रुपयाइतकाच चांगला रुपया त्याने पाडला तरी रुपयामागे पाच आण्यांहून अधिक सुटत होते. वजन बरोबर, कस बरोबर, नाद बरोबर. पोतदारांच्या शंभर पिढ्यांनी घडवलेली परीक्षा अशा रुपयापुढे निरुपायाने मान डोलावणार. टांकसाळी बंद करण्याच्या चर्चेतच ही भीती बोलून दाखवली गेली होती. कायद्याच्या दृष्टीने तो रुपया खोटाच. १८६० च्या दंडसंहितेने बनावटीची व्याख्या करताना धातूचा उल्लेखही केला नव्हता. एका वस्तूला दुसरीसारखे रूप देऊन फसवण्याचा इरादा, एवढेच तिने पाहिले. त्या संहितेच्या २३०व्या कलमाखाली तर पुढे एक उदाहरण फर्रुखाबादी रुपयाचे घातले गेले होते. तो चलनातून गेलेला असला तरी सरकारच्या अधिकाराने पूर्वी चालला असल्यामुळे नाणेच मानावा, असे त्यात म्हटले होते. चांदीच्या नाण्याचा खरेपणा चांदीबाहेर आहे, हे कायद्याने इतके आधी ओळखले होते.

मग सरकारने बचाव कोठे शोधला? काठावर. दुसऱ्या महायुद्धात, १९४० पासून, रुपयातली चांदी निम्म्यावर आणली गेली, आणि त्याच वेळी काठाच्या रेघांच्या मधोमध एक खोल खाच आली. नक्कल करणाऱ्यांना अडवण्यासाठीच ती घातली होती. साच्यात ओतून किंवा साध्या ठशांनी अशी कड काढणे महाकठीण. राज्यकर्त्यांनी विश्वास धातूवरून काढून घडणीवर ठेवला, त्याची ही लेखी पावतीच म्हणायची. माझ्या मते जुन्या नाण्याची पारख करणाऱ्यानेही तेच करावे.

हाताने पाडलेल्या रुपयाची घडण अशी. चांदीच्या पट्टीचा वा कांबीचा तुकडा कापायचा, कोपरे छाटून वजन बरोबर करायचे, ठोकून गोल करायचा, खालच्या ठशावर ठेवायचा, वरचा ठसा धरायचा आणि हातोडा मारायचा. मोगल आणि मराठा टांकसाळींत ठसा नाण्यापेक्षा मोठा असे. त्यामुळे पूर्ण मजकूर सहसा एका नाण्यावर उमटत नाही. कोणावर बादशहाच्या नावाचा शेवट येतो, कोणावर अंकुशाचे टोक, कोणावर सालाचे दोनच आकडे. एकाच ठशाची दोन नाणी असली तरी ठसा दोन्हीवर सारख्याच जागी बसण्याचा संभव नाही. काठाला हातोड्याच्या दाबाने चिरा पडतात, त्याही प्रत्येकाच्या वेगळ्या. (अशी चीर पडलेला अस्सल रुपया फरशीवर बद्द वाजतो आणि केवळ आवाजावर भरवसा ठेवणारा त्याला नाकारतो, नादाची परीक्षा दोन्ही बाजूंनी चुकते ती अशी.) आता दोन अंकुशी रुपये शेजारी ठेवले आणि अंकुश, अक्षरांचा तुटलेला भाग, काठाची चीर हे सगळे दोन्हींवर तंतोतंत सारखे निघाले, तर दोन्ही एका आईपासून साच्यात ओतलेले आहेत हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. ओतीव नाण्याच्या खुणा आणखीही असतात. पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी छिद्रे, अक्षरांच्या कडा गोलसर, काठावर जोडाची रेघ किंवा ती घालवण्यासाठी मारलेली कानस. धातू थंड होताना आक्रसतो म्हणून व्यासही किंचित कमी भरतो.

आणि येथे सराफाला त्याचा मान परत द्यावा लागतो, पण वेगळ्या कारणासाठी. मोगल आणि मराठा काळातल्या कितीतरी रुपयांवर त्याने पारखताना उठवलेल्या बारीक छापखुणा आहेत: ठिपका, चांदणी, फूल, नुसती टोच. संग्राहक पूर्वी अशा खुणांना डाग समजून त्या नाण्याला कमी किंमत देत. खरे पाहता अस्सलपणाचा इतका चांगला साक्षीदार दुसरा नाही. छापखूण पाडली गेली नाणे चालू असताना, दर नाण्यावर वेगळ्या जागी, वेगळ्या जोराने. तिच्या खाचेत वापराची झीज दिसते आणि खाचेभोवती धातू किंचित वर उचललेला असतो. साच्यातून आलेल्या नाण्यावर हीच खूण बुळबुळीत दिसते. वर ती दुसऱ्या नाण्यावर त्याच जागी पुन्हा सापडली, तर नक्कल करणाऱ्याचे बोट तेथेच सापडले समजावे. ज्याने हे नाणे फक्त चांदीसाठी तपासले त्याने नकळत त्याच्या वयाचा दाखला लिहून ठेवला.

यंत्रावरच्या रुपयांचा मामला काहीसा सोपा आहे, कारण तेथे सगळी नाणी सारखीच असायला हवीत. ११.६६ ग्रॅमचा रुपया पाण्यात बुडवून तोलला तर सुमारे १.१३ ग्रॅम कमी भरतो. जर्मन सिल्व्हरचा तितक्याच वजनाचा तुकडा १.३ ग्रॅमहून अधिक घटतो. घरगुती तराजूवर होणारी ही परीक्षा हलकी नक्कल पकडते. पण आजच्या नक्कला हलक्या नसतात. दुर्मीळ सालाच्या रुपयाची किंमत त्यातल्या चांदीच्या कितीतरी पट असते, आणि म्हणून १८९३ नंतरचा तोच हिशेब पुन्हा लागू होतो. सहाव्या जॉर्जचा १९३९ सालचा रुपया फार थोडा व्यवहारात आला. तेव्हा १९३८ च्या अस्सल रुपयावरचा शेवटचा ८ कोरून ९ करणे हा एक धंदाच झाला आहे. येथे तर नाणेही सरकारी, चांदीही सरकारी, काठही सरकारी. खोटा फक्त एक आकडा. भिंगाखाली त्या आकड्याभोवतालचे मैदान खरवडलेले दिसते, आकड्याची उंची शेजारच्या आकड्यांशी जुळत नाही. सराफाने अशा रुपयाला पसंतीचा दाखला दिला तर त्यात त्याचा काडीचाही दोष नाही.

आता यंत्रयुगात असा प्रश्न विचारला जातो की, पेढीवरच बसवलेले क्ष-किरण यंत्र क्षणात टक्केवारी सांगते, मग एवढी चर्चा कशाला? त्याला दोन उत्तरे आहेत. ते यंत्र धातूचा फक्त वरचा पातळ थर वाचते. जुन्या चांदीत तांबे असे, आणि तुकडा तापवून आम्लात उजळताना पृष्ठभागावरचे तांबे निघून जाई. पुढे जमिनीतल्या ओलीने आणखी निघे. त्यामुळे अस्सल जुने नाणे वरून आतल्यापेक्षा चोख दिसते, आणि पत्रा चढवलेले खोटे नाणेही वरून चोखच दिसते. दुसरे उत्तर जास्त महत्त्वाचे. टक्केवारी पुन्हा कसाबद्दलच बोलते. यंत्राचा खरा उपयोग आहे तो अंशमात्र धातूंसाठी. पूर्वी चांदी शिशाबरोबर तापवून शुद्ध करत. त्या रीतीने चांदीतले सोने वेगळे होत नाही आणि शिशाचाही थोडा अंश मागे राहतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विजेने चांदी शुद्ध करण्याची रीत आली, तेव्हापासूनच्या चोख चांदीत सोने आणि शिसे जवळजवळ नसते. शाह आलमच्या नावाच्या रुपयात सोन्याचा मागमूसही नसेल, तर ती चांदी त्याच्या काळची असणे अवघड. यावर चलाख नक्कलकाराचा तोडगाही ठरलेला आहे. झिजलेले, सामान्य जुने रुपये वितळवायचे आणि त्या चांदीवर दुर्मीळ छाप मारायचा. मग अंशमात्र धातूही जुनेच येतात. येथे प्रयोगशाळाही थांबते आणि आपण पुन्हा ठशाकडे येतो. अस्सल टांकसाळीचा ठसा झिजे, तडकला की बदलला जाई, जुना वरचा ठसा नव्या खालच्या ठशाबरोबर चाले. म्हणून अस्सल नाण्यांच्या ठशांची एक वंशावळ लावता येते. नकली नाणी मात्र एकाच जोडीची, सगळी ताजी, आणि आधी माहीत असलेल्या एकाही ठशाशी नाते नसलेली अशी अचानक झुंडीने प्रकटतात. एखादे नाणे एकटे पाहून जे कळत नाही ते पन्नास शेजारी ठेवून कळते, आणि म्हणूनच साठ्यात सापडलेली, १८७८ च्या निखात निधी कायद्याखाली नोंद होऊन संग्रहालयात गेलेली नाणी इतकी मोलाची. वाटून घेतलेला साठा चांदीच्या भावाने विकला जातो तेव्हा पुढच्या पारखीची मोजपट्टीच वितळते.

व्यवहारी माणूस यावर म्हणेल की चांदीचे पैसे देऊन चांदी मिळाली, यात फसले कोण? चांदीचेच पैसे दिले असतील तर कोणीच नाही, हे मान्य. दिवाळीत लक्ष्मीपूजनासाठी विकले जाणारे नवे राणीछाप तुकडे, सोनारांनी गळ्यातल्या माळेसाठी घडवलेल्या रुपयाच्या प्रतिकृती, यांत फसवणुकीचा हेतू नव्हता आणि त्यांना बनावट म्हणणे अन्यायाचे होईल. पण तेच तुकडे दोन पिढ्यांनंतर ‘आजीच्या पेटीतला रुपया’ म्हणून बाजारात येतात, तेव्हा हेतू बदललेला असतो. जत्रांतून आणि जाहिरातींतून फिरणारे ‘ईस्ट इंडिया कंपनी १६१६’ किंवा ‘१८१८’ छापाचे, रामदरबार आणि हनुमान असलेले तुकडे तर नक्कलही नव्हेत, कारण त्यांचे मूळ कधी अस्तित्वातच नव्हते. ते चांदीचे पाणी देऊन आले काय किंवा चोख चांदीचे आले काय, त्यांच्या खोटेपणात फरक पडत नाही. उलट दुसऱ्या टोकाला पेशवाईतच कोणी गुपचूप पाडलेला, आत तांबे आणि वर चांदीचा पत्रा असलेला अंकुशी रुपया येतो. त्या दिवशी पोतदाराने तो फोडून फेकला असता. आज इतिहासाच्या अभ्यासकाला तो हवा आहे. त्या काळच्या बाजारात कोणत्या रुपयावर लोकांचा इतका विश्वास होता की त्याची नक्कल करणे परवडावे, हे तो सांगतो. चांदी खोटी आणि वस्तू खरी, असा हा उलटा मासला आहे, आणि माझ्या मुद्द्याला याहून चांगला आधार मला सुचत नाही.

एक प्रकार मात्र अधिकाराच्या कसोटीलाही चकवतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कलकत्ता आणि मुंबईच्या टांकसाळींनी संग्राहकांच्या मागणीवरून जुन्या सालांची नाणी पुन्हा पाडून दिली. ठसे सरकारी, चांदी ठरल्या कसाची, टांकसाळ तीच, परवानगीही रीतसर. खोटे फक्त साल. सुरती रुपयावरचे गोठलेले साल मी वर अस्सल ठरवले आहे, मग याला काय म्हणावे? फरक एवढाच की सुरती रुपया त्या सालासह रोज बाजारात खर्चला जात होता, सरकारी भरण्यात घेतला जात होता. ही नाणी पाडली त्या दिवसापासून मखमलीच्या पेटीत गेली, एकही पोतदार त्यांना शिवला नाही. नाणे म्हणून त्यांचा जन्मच झाला नाही असे मी म्हणेन. सूचिकार अधिक सावध आहेत: ते अशा प्रतींसाठी मूळ नाण्याखाली वेगळी ओळ छापतात आणि किंमत निराळी देतात. विकणारा ती ओळ दाखवतो की नाही, हे अर्थातच विकणाऱ्यावर.